कॉलशीटवर न दिसणारा ताण

ब्रिटनमधील एका लोकेशन मॅनेजरने २०१७ साली आपले जीवन संपविले. त्यापूर्वी त्याने सू क्विन या आपल्या सहकारी लोकेशन मॅनेजरला पत्र लिहिले होते. चित्रपटाच्या धंद्यात माणूस अडचणीत सापडला तर त्याने जावे कोणाकडे, असा त्या पत्राचा सवाल होता. ही स्थिती बदलावी, अशी विनंतीही त्यात होती.

‘हॅरी पॉटर’ चित्रपटमालिकेसाठी काम केलेल्या क्विन या मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. चित्रीकरणासाठी जागा शोधणे, परवानग्या मिळविणे, आसपासच्या रहिवाशांची समजूत काढणे आणि भल्यामोठ्या युनिटची सोय लावणे, हा त्यांचा व्यवसाय. सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर मात्र त्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि चित्रपट व्यवसायातील कामगारांसाठी १९२४ पासून काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेचे दार ठोठावले. आज ‘फिल्म अँड टीव्ही चॅरिटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने २०१८ मध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणी क्षेत्रातील लोकांसाठी चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा सुरू केली.

ताण येतो कोठून?

या संस्थेने लँकेस्टर विद्यापीठाच्या ‘वर्क फाउंडेशन’कडून २०१९ मध्ये पाहणी करून घेतली. नऊ हजारांहून अधिक जणांनी तीत भाग घेतला. आयुष्यात कधी ना कधी मानसिक त्रास झाल्याचे त्यांच्यापैकी ८७ टक्के लोकांनी सांगितले. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ६५ टक्के होते. आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करणारे या क्षेत्रात आठांत एक, तर अन्य क्षेत्रांत पन्नासांत एक आढळले. अशा पाहणीत ज्यांना त्रास झाला आहे तेच अधिक उत्साहाने उत्तरे देण्याचा संभव असतो, हे ध्यानात घेतले तरी ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तिची कारणे कामाच्या रचनेतच आहेत. बहुतेक तंत्रज्ञ नोकरदार नसतात. एक चित्रपट संपला की दुसरा मिळेपर्यंत उत्पन्न थांबते आणि पुढचे काम बहुधा मागच्या ओळखीतूनच मिळते. त्यामुळे तक्रार करणाऱ्यावर ‘कटकट्या’ असा शिक्का बसण्याची भीती असते. कार्यालयात मनुष्यबळ विभाग असतो. काही महिन्यांसाठी उभारलेल्या आणि काम संपताच पांगणाऱ्या युनिटमध्ये तो सहसा नसतो. उद्या कोण किती वाजता कोठे हजर राहणार, याची तपशीलवार नोंद कॉलशीटवर असते. रात्री दोनला घरी पोहोचलेला प्रकाशयोजनाकार सकाळी कोणत्या मनःस्थितीत उठतो, हे त्यावर कोठेच लिहिलेले नसते.

सेटवरचा आधार

ही उणीव भरून काढण्यासाठी ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत सेटवर एक नवे पद दिसू लागले आहे. मराठीत त्याला ‘स्वास्थ्य-साहाय्यक’ म्हणता येईल. या कामाकडे वळणाऱ्यांत चित्रपट-दूरचित्रवाणीतच पूर्वी काम केलेली मंडळीही आहेत. साहाय्यकाचे काम कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच सुरू होते. पटकथेत हिंसेची वा अत्याचाराची दृश्ये कोठे आहेत, ती कोणाला जड जातील, रात्रपाळीनंतर विश्रांतीला पुरेसा वेळ आहे का, हे तो निर्मात्याच्या नजरेस आणतो. चित्रीकरणादरम्यान कोणालाही त्याच्याशी खासगीत बोलता यावे, अशी व्यवस्था असते.

धंद्यातल्या माणसाचे येथे मोल आहे. ‘आज चौथ्यांदा ओव्हरटाइम’ या तीन शब्दांचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागत नाही. मात्र अनुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. त्यासाठी अनेक जण प्रथम ‘मानसिक प्रथमोपचारा’चा अभ्यासक्रम करतात. बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेला हा अभ्यासक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला. त्रासाची लक्षणे ओळखणे, उपदेश न करता ऐकून घेणे आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे, एवढाच त्याचा आवाका. निदान आणि उपचार हे तज्ज्ञांचेच काम. ज्याला उपचारक व्हायचे असेल त्याला कित्येक वर्षांचे शिक्षण आणि देखरेखीखालील काम यांना पर्याय नाही. भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

या पदाला एक मूलभूत अडचणही आहे. साहाय्यकाचे वेतन निर्माताच देतो. मग त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकायची कशी? म्हणूनच गोपनीयतेच्या अटी आधीच लेखी ठरवून घेणे आवश्यक ठरते. शिवाय सोळा तासांच्या दिवसावर सहानुभूती हा उतारा नाही. दूरध्वनी सेवा सुरू होऊन काही वर्षे लोटल्यानंतरही, संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ३५ टक्के लोकांनी आपले मानसिक आरोग्य वाईट वा अतिशय वाईट असल्याचे सांगितले. २०२२ मध्ये हे प्रमाण २४ टक्के होते. मधल्या काळात ब्रिटनमध्ये कामाचा दुष्काळ पडला होता, हे विसरून चालणार नाही. कान देणारा माणूस सेटवर आला, तरी कामाचे तास आणि कामाची शाश्वती यांचा प्रश्न सुटत नाही.

मुंबईचे काय?

मालिकांच्या सेटवर बारा तासांची शिफ्ट नित्याची असलेल्या मुंबईला हे चित्र अपरिचित नाही. अभिनेत्री दीपिका पदुकोण यांनी २०१५ मध्ये आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे बोलून त्याच वर्षी ‘लिव्ह लव्ह लाफ फाउंडेशन’ स्थापन केले, तेव्हा या विषयावरचा पडदा थोडा दूर झाला. २०२५ मध्ये आठ तासांच्या कामावरून हिंदी चित्रपटसृष्टीत वादही झडला. नामवंत कलाकार आपल्या अटी मांडू शकतो. स्पॉटबॉय, मेकअपमन किंवा साहाय्यक दिग्दर्शक यांना ती मुभा क्वचितच मिळते. ज्यांचे नाव पडद्यावर क्षणभर दिसते किंवा दिसतही नाही, त्यांच्यापर्यंत मदत पोहोचणे हीच या साऱ्या प्रयत्नांची खरी कसोटी आहे.

तोवर निदान एक क्रमांक प्रत्येक युनिटला ठाऊक असावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य साहाय्य मिळते. कॉलशीटवर जवळच्या रुग्णालयाचा पत्ता देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याच ओळीखाली हे पाच आकडे छापण्यास निर्मात्याला एक पैसाही खर्च येणार नाही.