वेचणीची वही आणि रनिंगची वही

कापूस वेचणीच्या दिवसांत पहूरच्या शिवारात संध्याकाळी बांधावर वजनकाटा लागतो. कुणी किती किलो वेचला ते तिथल्या तिथे वहीत चढतं. उद्यावर ठेवलं तर भांडण ठरलेलं. अशाच एखाद्या घरातला मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे शेंदुर्णी रस्त्याने धावून येतो. मागच्या मंगळवारी किती धावलास, असं त्याला विचारा. ‘‘धावलो ना, रोजच्यासारखंच.’’ याची वही नाही. का नाही, ते विचारलं की मग एकेक समजूत बाहेर पडते.

‘वही मोठ्या खेळाडूंची. आपल्याला काय करायची?’

खरं तर उलट आहे. मोठ्या खेळाडूचा हिशेब ठेवायला कोच असतो, फिजिओ असतो. गावात एकट्याने तयारी करणाऱ्याला कालचा दिवस आठवून देणारं दुसरं कुणीच नसतं. आणि स्मरणशक्ती लबाड असते. चांगला दिवस ती मोठा करते, आणि दुखरा गुडघा बरा झाला की तो नेमका कधी दुखायला लागला होता, हेच विसरते.

‘टायमिंग लिहिलं की झालं.’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर 20 पैकी 20 गुण मिळतात. समजा एकाने वहीत लिहिलं : 5.15. पाच सेकंद जास्त. आता काय करायचं? वही गप्प. त्याच धावेचे 400 मीटरचे चार राऊंड वेगवेगळे लिहून बघा : 72, 78, 84 आणि 81 सेकंद. बेरीज तीच, 315. पण आता दिसतं की पूर्ण गुणांसाठी राऊंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद पुरत होते, आणि हा गडी पहिल्याच राऊंडला साडेपाच सेकंद पुढे पळाला. त्याची किंमत तिसऱ्या राऊंडमध्ये मोजली. दम कमी पडला असं तो सगळ्यांना सांगत फिरेल. चूक खरी घाईची होती. मित्राला कडेला उभं करून घड्याळ हातात दिलं की राऊंड मोजले जातात, त्याला खर्च नाही.

‘मोबाइल सगळं नोंदवतोच की.’

अंतर आणि वेग नोंदवतो, चांगला नोंदवतो. पण शेतीची लाईट रात्रीची होती, दोन वाजेपर्यंत गव्हाला पाणी भरलं आणि साडेपाचला उठून धावलो, हे त्याला कुठून कळणार? त्याच्या लेखी तो फक्त एक मंद दिवस. वहीत ‘रात्री पाणी’ हे दोन शब्द असले, की वाईट टायमिंगने खचायचं कारण राहत नाही. झोप किती झाली, कुठे दुखतंय, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडीचे ठोके किती, एवढं पुरे. ठोके नेहमीपेक्षा सात-आठने वाढलेले सलग तीन-चार दिवस दिसले, तर शरीर थकलंय किंवा ताप येऊ घातलाय असं समजून जोर कमी करावा.

‘जास्त किलोमीटर म्हणजे जास्त मेहनत.’

कार्ल फॉस्टर या अमेरिकन क्रीडाशास्त्रज्ञाने यावर फार सोपी रीत काढली. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं : आज किती जड गेलं? शून्य ते दहा गुण द्यायचे आणि सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. चाळीस मिनिटं सावकाश धावलात, जड गेलं 4, आकडा 160. दुसऱ्या दिवशी अर्धाच तास, पण जोरात राऊंड मारले, जड गेलं 8, आकडा 240. कमी वेळ, जास्त ओझं. एका आठवड्याची बेरीज मागच्यापेक्षा एकदम दीडपट झाली, तर पुढच्या आठवड्यात नडगी किंवा टाच बोलायला लागली तरी नवल नको. माझ्या मते शेतातलं कामही याच रकान्यात धरावं. दिवसभर वाकून कापूस वेचणं म्हणजे काही विश्रांती नव्हे.

‘एकदा सुरू केली की खंड पडता कामा नये.’

1970 ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा इंग्लंडचा रॉन हिल डिसेंबर 1964 पासून जानेवारी 2017 पर्यंत रोज किमान एक मैल धावला. 52 वर्षं 39 दिवस, आणि त्याची नोंद. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊनही त्याने मैल पुरा केला. शेवटच्या धावेत छातीत दुखायला लागलं, तेव्हा कुठे त्याने ही साखळी थांबवली. माणूस विलक्षण, यात वाद नाही. पण छातीत दुखत असताना वहीसाठी धावायचं नसतं. डॉक्टरकडे जायचं असतं. पहूरच्या मुलाने अशा दिवशी ‘रनिंग नाही. टाच दुखते’ एवढं लिहावं आणि रविवारी चहा पिताना आधीचे दहा दिवस चाळावेत. टाच पहिल्यांदा कधी दुखली, त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं, बूट कधी बदलले, ते त्याच पानांवर सापडायची शक्यता बरीच असते.