जेवणाच्या टेबलावरचे रूळ

ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिरलेला माणूस आधी मान वर करतो. दरबार हॉलमधली झुंबरं एकेक साडेतीन टनांची, त्यामुळे तेही साहजिकच. पण ज्याला यंत्रांचं वेड आहे, त्याने थेट भोजनगृह गाठावं. तिथल्या लांबलचक टेबलावर रूळ आहेत आणि रुळांवर चांदीची आगगाडी. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने ती १९०६ मध्ये महाराज माधवराव शिंद्यांसाठी घडवली. पंगतीत ब्रँडी, पोर्ट आणि सिगार फिरवणं हे तिचं काम. पाहुण्याने बाटली उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे.

महाराजांना रेल्वेचा नादच होता. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्याच हौसेतून उभी राहिली. तिचा ग्वाल्हेर ते श्योपूर हा सुमारे दोनशे किलोमीटरचा फाटा २०२० पर्यंत चालू होता.

अशा खेळण्यातल्या छोट्या गाड्या हाताळणाऱ्याला ठाऊक असतं की दुखणं बहुधा इंजिनात नसतं, ते पायांत असतं. रिमोटवरच्या रणगाड्यात प्रत्येक चाकाला वेगळी दांडी आणि स्प्रिंग देता येते. खड्डा आला तर एकच चाक खाली जातं. ताठ चौकटीच्या चारचाकी डब्याला मात्र ही मुभा नाही. रूळ केसभर पिळला तरी एक चाक अधांतरी राहतं आणि वळणावर रूळ सोडतं. त्यातून डब्यावर भरलेली काचेची बाटली असेल तर भार वर, द्रव डचमळणारा. अशा गाडीला वेग कमी आणि वळण मोठं हवं. रुळांतून वीज घेणारी गाडी असेल, तर धूळ किंवा तेलाचा थरही तिला जागीच रोखतो. म्हणजे एरवी ज्याला आपण बिघाड म्हणू, ते थांबणं ग्वाल्हेरच्या टेबलावर शिष्टाचार म्हणून मुद्दाम बसवलेलं आहे. ही अक्कल मला चांदीपेक्षा मोलाची वाटते.

एक किस्सा नेहमी सांगितला जातो. व्हाइसरॉयच्या मेजवानीत शॉर्ट सर्किट झालं आणि गाडी सुसाट सुटून पाहुण्यांच्या कपड्यांवर खाणंपिणं सांडत गेली. खरं-खोटं कोण जाणे, पण मेकॅनिकच्या नजरेने पाहिलं तर गोष्टीत एक खोच आहे. दोन रुळांमध्येच शॉर्ट झाला असता तर मोटरला वीज मिळाली नसती आणि गाडी जागीच थांबली असती. ती सुसाट सुटायची, तर वेग आवरणारा रोधच शॉर्ट होऊन पूर्ण दाबाची वीज मोटरला मिळायला हवी. तेव्हा किस्सा खरा असेल, तर त्या रात्री रुळांखाली वाकून काहीच सापडलं नसतं. उघडायला हवी होती ती नियंत्रणाची पेटी.