कंपवात रक्तात सापडत नाही

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याचा कस काही मिनिटांत आकड्यात मिळतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात थरथरू लागला की आजाराचाही असाच आकडा लॅबमध्ये मिळेल, या आशेने माणसं तपासण्यांची महागडी पॅकेजं करून घेतात. पण कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, पक्का ठरवणारी रक्ततपासणी अजून रोजच्या वापरात नाही. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजल्याने हा आजार होतो, आणि रक्तातल्या डोपामिनवरून मेंदूतल्या डोपामिनचा अंदाज बांधता येत नाही. निदान होतं ते डॉक्टरांच्या समोर. अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवताना हालचाल लहान आणि संथ होत जाते का, मनगट ताठरलंय का, चालताना एक हात हलायचा थांबलाय का, हे ते पाहतात. लिहिताना ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक होत जातं, तेही बोलकं असतं. हालचालीतला मंदपणा असावाच लागतो. थरथर मात्र नसली तरी कंपवात असू शकतो.

मग डॉक्टर रक्त तपासायला का सांगतात? दुसरं काही नाही ना, हे पाहायला. थायरॉइड वाढलं तरी हात कापतात. तरुण रुग्णात शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजार शोधावा लागतो. एमआरआयही याचसाठी असतो. तो नॉर्मल आला म्हणून कंपवात नाही, असं समजू नये. पण सगळ्यांत मोलाची तपासणी बिनपैशाची आहे: चालू गोळ्यांची यादी. चक्करेवरची सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधली लेव्होसल्पिराइड यांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात, आणि डॉक्टरांनी ती औषधं थांबवली की बहुतेकांची ओसरतात.

विज्ञान पुढे गेलंय, हा आक्षेप रास्त आहे. २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’तल्या अभ्यासात अल्फा-सिन्यूक्लिन प्रथिनाची चाचणी सुमारे ८८ टक्के रुग्णांत पॉझिटिव्ह आली. झेप मोठीच आहे. पण त्यासाठी पाठीतून पाणी काढावं लागतं, आणि आजार किती वाढला हे त्यातून कळत नाही.

उपचार सुरू झाल्यावरही रक्ताचा रिपोर्ट आजाराची चाल सांगत नाही. कंपवातावरची लेव्होडोपा रक्तात साधारण दीड तासात निम्मी होते; एका नमुन्यावरून दिवसभराचा चढउतार कसा कळणार? लेव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२ मात्र तपासायला हवं, कारण ते कमी होऊ शकतं. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना रिपोर्टांच्या फाइलसोबत चालू औषधांची पिशवी, चालण्याचा व्हिडिओ आणि गोळीचा असर किती वाजता उतरतो याची नोंदवही जरूर न्या.