लग्नाचा कायदा कोणाच्या हाती?

अमेरिकेत विवाहाचे वय, परवाना, घटस्फोट यांचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. मात्र कोणाला लग्न करता येईल, हा प्रश्न तीन ठिकाणी लढला गेला.

● राज्ये : मॅसॅच्युसेट्समध्ये १७ मे २००४ पासून समलिंगी विवाह सुरू झाले. त्याच नोव्हेंबरमध्ये ११ राज्यांच्या मतदारांनी ते आपापल्या राज्यघटनेतून रोखले.

● न्यायालय : 'लव्हिंग' खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची १६ राज्यांतील बंदी एकमताने रद्द केली. 'ओबरगेफेल' निकालाने (२६ जून २०१५) समलिंगी विवाहाचा हक्क ५ विरुद्ध ४ मतांनी देशभर मान्य झाला.

● घटनादुरुस्ती : विवाह फक्त स्त्री-पुरुषांचाच, असे देशाच्या राज्यघटनेत लिहिण्याचा प्रस्ताव २००४ आणि २००६ मध्ये काँग्रेसमध्येच अडला. दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ३८ राज्यांची संमती लागते.

२०२२ च्या केंद्रीय कायद्यानुसार एका राज्यातील समलिंगी वा आंतरवंशीय विवाह इतर राज्यांनाही मानावा लागतो.

आंतरवंशीय विवाहबंदीचे कलम अलाबामाच्या राज्यघटनेतून २००० साली, 'लव्हिंग' निकालानंतर तब्बल ३३ वर्षांनी निघाले. कार्यपद्धती राज्यांनी खुशाल ठरवावी. समान हक्क मात्र बहुमताच्या मर्जीवर सोडू नये.