स्टिकर निघेल, रंग वाचला पाहिजे

सायकलच्या फ्रेमवर कंपनीचं नाव दहा-बारा वर्षं घट्ट बसलेलं असतं, तरी त्याखालचा गोंद तेवढ्या काळात एकदाही वाळलेला नसतो. फेव्हिकॉल वाळतो, अॅराल्डाइट कडक होतं. स्टिकरचा गोंद मात्र जन्मभर मऊ राहतो, आणि त्याची ताकद या मऊपणातच असते. रंगाचा थर बोटाला गुळगुळीत लागला तरी बारकाईने पाहिल्यास त्यात उंचवटे आणि खळगे असतात. मऊ गोंद त्यांत पसरतो, रंगाच्या रेणूंना अगदी भिडतो. इतक्या जवळून रेणूंमधलं एरवी नगण्य असलेलं आकर्षणही एकत्र मिळून भक्कम पकड घेतं.

असा गोंद कणकेसारखा वागतो. कणीक सावकाश ओढली की लांबते, झटका दिला की तुटते. गोंदातल्या लांबलचक साखळ्यांना सरकायला वेळ मिळाला तर त्या सरकतात; वेळ मिळाला नाही, तर गोंद ताठ होऊन जोराचा विरोध करतो. हा सगळा जोर रंगावर येतो. जुन्या, आतून गंज धरलेल्या लोखंडी फ्रेमवरचा स्टिकर खसकन ओढला की रंगाचा पापुद्राही सोबत निघतो, तो यामुळे.

उष्णतेने या साखळ्या चपळ होतात. म्हणून केस वाळवायचा ड्रायर हे या कामातलं सर्वांत चांगलं अवजार आहे. फ्रेम हाताला सोसेल इतपत, म्हणजे ५० अंशांच्या आसपास तापवायची आणि नखाने कडा उचलायची. मग पट्टी सरळ वर ओढायची नाही, उलट दुमडून नळीला जवळजवळ समांतर न्यायची. पट्टी सोलायला किती बळ लागतं याचं गणित रोनाल्ड रिव्हलिन यांनी १९४४ मध्ये मांडलं. त्यानुसार काटकोनात ओढण्यापेक्षा पूर्ण दुमडून ओढायला ढोबळमानाने निम्मं बळ पुरतं. प्रत्यक्षात गोंदाच्या जातीप्रमाणे फरक पडतो, पण हा नियम हाताला लगेच जाणवतो.

मात्र फार तापवलं तर वेगळीच अडचण येते. गोंद इतका ढिला होतो की तो रंगापासून सुटण्याऐवजी स्वतःच मधोमध फाटतो. निम्मा पट्टीबरोबर जातो, निम्मा फ्रेमवर चिकट राहून धूळ गोळा करतो. तसं झालं तर ड्रायर थोडा लांब धरावा आणि ओढण्याचा वेग किंचित वाढवावा. उन्हात वर्षानुवर्षे राहिलेल्या स्टिकरचा प्रश्न आणखी निराळा. व्हायनिलला लवचीक ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून गेलेली असतात, त्यामुळे तो पट्टीसारखा निघत नाही, त्याचे तुकडे पडतात. तिथे घाई करणाऱ्याच्या हातात ब्लेड येतं. चांगल्या रंगावर ब्लेडचे ओरखडे पाहिले की जीव हळहळतो, कारण प्रत्येक ओरखड्यातून पावसाळ्यात पाणी लोखंडापर्यंत पोचतं. जुनं एटीएम कार्ड पुरतं, वेळ जास्त लागतो इतकंच.

रंगाला सांभाळून सुटणारा गोंद हवा, ही गरज जुनी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची टूम होती. दोन रंगांची सीमा आखायला लावलेला कागद काढताना ताजा रंग उखडायचा आणि रंगारी वैतागायचे. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी ते पाहिलं आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. सायकलवरच्या स्टिकरकडून अपेक्षा नेमकी उलटी असते. ऊन, घाम, चिखल आणि धुणं सोसून त्याने टिकायचं असतं.

फ्रेमवर उरलेल्या गोंदावर पाणी चालत नाही, कारण गोंद तेलकट स्वभावाचा असतो. त्याला निलगिरी तेल, रॉकेल किंवा संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन विरघळवतं किंवा निदान फुगवतं. खोबरेल तेलानेही निघतो, पण ते रात्रभर राहू द्यावं लागतं. थिनर आणि अॅसिटोन यांपासून सावध राहावं. भट्टीत भाजलेला कारखान्याचा रंग काही वेळ टिकाव धरेल, पण कोपऱ्यावरच्या गॅरेजात मारलेला स्प्रे रंग पुसला जाईल. कुठलंही द्रावण आधी खाली, पेडलचा आस जिथून जातो त्या नळीच्या पोटाशी, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी लावून पाहावं. बहुतेक सायकलींचा फ्रेम क्रमांकही तिथेच ठोकलेला असतो. तो अजिबात घासू नये. चोरी झाली तर तुमची सायकल त्यावरूनच ओळखता येते.

नखाला अक्षरांची कडा लागतच नसेल, तर अक्षरं पारदर्शक लॅकरच्या खाली आहेत. तिथे ड्रायर आणि तेल दोन्ही निरुपयोगी. लॅकर घासून काढायचं आणि पुन्हा रंगवायचं, एवढाच मार्ग उरतो. कार्बन फ्रेमवर हा प्रयोग घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. कार्बनचे धागे इपॉक्सी रेझिनने बांधलेले असतात. रंग फुगवून काढणारं रसायन रंग कुठला आणि रेझिन कुठलं हे ओळखत नाही, ते दोन्हींना पोखरतं. हीट गनची हवा ५०० अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि काही इपॉक्सी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. पॉलिश पेपर एखाद्या ठिकाणी जास्त फिरला तर भार पेलणारे धागेच कापले जातात, आणि वरून रंग दिल्यावर ती जखम दिसतही नाही.

सगळं नीट जमूनही कधीकधी नाव वाचता येतंच. आजूबाजूच्या रंगाला अतिनील किरणांनी फिकट केलेलं असतं, स्टिकरखालचा रंग मूळचा राहतो. रबिंग कंपाऊंडने घासल्यावर वरचा निस्तेज थर जातो आणि फरक बराच कमी होतो. पण लॅकरचा थर अनेकदा केसापेक्षाही पातळ असतो, त्यामुळे मऊ कापडाने, हलक्या हाताने, थोडं घासून पुन्हा पाहत जावं. लाल रंगात हा फरक सहसा ठळक असतो. तो दोन-तीनदा घासूनही गेला नाही, तर तिथेच थांबावं आणि वरून मेण लावून टाकावं.