मागे उभा राहणारा गडी

अंबरनाथ पश्चिमेला पावसाळ्यात एखाद्या मैदानाच्या कडेला उभे राहून बघा. पोरे चिखलात फुटबॉल खेळत असतात. प्रत्येकाला पुढे खेळायचे असते. पुढे खेळला की गोल मारता येतो. "मागे कोण राहणार?" असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शेवटी सगळ्यांत लहान पोराला मागे ढकलतात.

हे उलटेच झाले. मागचा गडी कच्चा असला, तर पुढच्यांनी मारलेले गोल वाया जातात.

या मागच्या गड्याला बचावपटू म्हणतात. गोलाची चौकट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते. एवढी जागा एकटा गोलरक्षक कशी झाकणार? म्हणून त्याच्या पुढे बचावपटू उभे असतात. समोरचा चेंडू घेऊन आला, की बचावपटू त्याच्या आणि गोलाच्या मध्ये येतो. पाय टाकायची घाई करत नाही. पाय चुकला, की समोरचा निसटलाच. कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याला धरतात. इथे माणसाला धरायचे नाही, चेंडू काढून घ्यायचा. गोलाजवळच्या आखलेल्या चौकोनात माणसाला पाडले, तर पेनल्टी बसते. म्हणजे चेंडू छत्तीस फुटांवर ठेवायचा, आणि समोर एकटा गोलरक्षक. बहुतेक वेळा गोल होतोच. शेताची राखण करणाऱ्याला एक डुलकी महाग पडते ना, तसेच हे.

आता आपल्या शेजारच्या गोव्याचे महेश गवळी यांची हकिगत ऐका. त्यांचा जन्म १९८० सालचा. जमशेदपूरला टाटांची फुटबॉल शिकवणारी संस्था आहे. घरापासून इतक्या लांब राहून ते तिथे खेळ शिकले. पुढे देशाच्या संघात मधल्या बचावात खेळू लागले. कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघाने २००३ साली जकार्ता शहरात मोठी स्पर्धा जिंकली. त्या संघात गवळी होते. मग गोव्याच्या डेंपो संघात ते कितीतरी वर्षे राहिले. त्या काळात डेंपोने देशातली मोठी साखळी स्पर्धा, आय-लीग, तीनदा जिंकली.

पण सगळे दिवस जिंकण्याचे नसतात. २०११ च्या जानेवारीत दोहा इथे आशिया चषकाची स्पर्धा झाली. तिथे भारताला सत्तावीस वर्षांनी जागा मिळाली होती. गवळी त्या संघात होते. ऑस्ट्रेलियाने चार गोल केले, बहारीनने पाच, दक्षिण कोरियाने चार. तीन सामन्यांत तेरा गोल झाले. अशा वेळी लोक आधी मागच्यांनाच बोल लावतात. माझ्या मते तो सगळा दोष बचावाचा नव्हता. चेंडू पुढे टिकलाच नाही, तर मागचा किती वेळ अडवणार?

खेळणे थांबल्यावर गवळी शिकवू लागले. देशाच्या संघाचे ते साहाय्यक प्रशिक्षक झाले. २०२३ साली बंगळूरला दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा झाली. पाकिस्तानशी सामना चालू होता. भारताचे मुख्य प्रशिक्षक स्टिमाच यांनी कडेला उभे राहून, समोरच्या गड्याच्या हातातला चेंडू आत येण्यापासून अडवला! पंचांनी त्यांना लाल कार्ड दाखवले. कुवेतशी झालेल्या सामन्यात पुन्हा तेच कार्ड. मग उपांत्य आणि शेवटच्या सामन्यात संघ सांभाळायचे काम गवळींवर आले.

उपांत्य सामन्यात लेबननशी गोलच झाला नाही. पेनल्टीवर भारत जिंकला. ४ जुलैला शेवटचा सामना पुन्हा कुवेतशी होता. कुवेतने आधी गोल केला. छांगतेने तो फेडला. जादा वेळ दिला तरी एक-एकच. पुन्हा पेनल्टी आल्या. गवळी कडेला उभे होते. आता त्यांना आत जाऊन चेंडू अडवता येत नव्हता. कुवेतचा कप्तान चेंडूपाशी आला. त्याने लाथ मारली, आणि गोलरक्षक गुरप्रीतने उडी घेऊन चेंडू बाहेर ढकलला. भारत ५-४ असा जिंकला.