मेथीचं पाणी आणि चालणं
मधुमेहात मेथीचं पाणी घेतलं की चालायची गरज नाही, असा समज घरोघरी आढळतो. रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी बुळबुळीत होतात. तो बुळबुळीतपणा विद्राव्य तंतूंचा (पाण्यात विरघळणारा चोथा). त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. ती वापरण्याचं मोठं काम मात्र स्नायूंचं. चालताना ते इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. गच्चीवरच्या टाकीसारखंच हे: मेथी वरून येणारी धार बारीक करते, चालणं खालचा नळ उघडतं. म्हणून आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालायलाच हवं. गोळ्या चालू असताना हे दोन्ही वाढवलं तर साखर फार खाली जाऊ शकते. सुरू करण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.